नाताळ आणि त्रस्त जगाची आशा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती श्रद्धेनुसार नाताळ म्हणजे नेमके काय?

नाताळ हा येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण आहे, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. थोर व्यक्तीची जयंती आपण तिने पुढे केलेल्या कार्याच्या स्मरणार्थ साजरी करतो. नाताळात मात्र तो जन्म हेच एक कार्य मानले जाते, आणि ख्रिस्ती परंपरेत त्याला देहधारण असे नाव आहे. ज्याने ही सृष्टी निर्माण केली तो देव स्वतः मनुष्य झाला, असा हा दावा आहे. येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधील चार शुभवर्तमानांपैकी योहानाच्या शुभवर्तमानात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत आणि ताराही नाही; शब्द, म्हणजे ख्रिस्त, देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली, एवढेच पहिल्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात सांगितले आहे. इ.स. ४५१ मध्ये खल्कदोन येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हाच विश्वास काटेकोर भाषेत मांडला : येशू पूर्णपणे देव आहे आणि पूर्णपणे मनुष्यही आहे. नाताळाच्या आशेचा सगळा भार या विधानावर आहे. येशू हा केवळ एक सद्गुणी गुरू असेल, तर त्याच्या जन्मदिवशी आनंद जरूर मानता येईल. परंतु जगाची आशा त्याच्यावर टाकता येणार नाही.

जगात युद्धे, उपासमार आणि विस्थापन चालू असताना आनंदाचा सण साजरा करणे विसंगत नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा शुभेच्छापत्रांवरचा नाताळ असतो : पांढराशुभ्र बर्फ, स्वच्छ गोठा आणि मंद हसणारी माता. त्या चित्राशी जगातले दुःख विसंगतच आहे. शुभवर्तमानांतील कथेशी मात्र ते विसंगत नाही, कारण ती कथा दुःखाच्या आतच घडते. शुभवर्तमानकार लूक सांगतो की परक्या सत्तेने काढलेल्या नावनिशीच्या हुकमामुळे एका गरोदर स्त्रीला नासरेथहून बेथलेहेमपर्यंतचा प्रवास करावा लागला आणि तेथे उताऱ्याला जागा मिळाली नाही. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय सांगतो की बाळाच्या जिवावर हेरोद राजाच उठला होता, म्हणून ते कुटुंब रात्रीच मिसर (इजिप्त) देशात पळून गेले. पुढे हेरोद मेला तरी धोका टळला नाही. यहूदीयात आता त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य करत आहे हे ऐकून योसेफाला तेथे परतण्याची भीती वाटली आणि तो गालील प्रांतात निघून गेला. मत्तयाने ही भीती लपवलेली नाही.

मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती समुदायाच्या, वार्षिक दिनदर्शिकेतही हेच दिसते. पाश्चात्त्य परंपरेत नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, श्रद्धेसाठी दगडमाराने ठार झालेल्या स्तेफनाचे स्मरण होते, आणि २८ डिसेंबर हा हेरोदाने बेथलेहेमात मारवलेल्या निष्पाप बालकांचा दिवस असतो. ज्यांनी ही दिनदर्शिका घडवली त्यांना आनंद आणि आक्रोश एकाच आठवड्यात ठेवताना संकोच वाटला नाही. पुढच्या काळाने आक्रोशाचे दिवस विसरून आनंदाचा तेवढा ठेवला. हे नुकसान फार मोठे आहे, असे आम्हांला वाटते.

येशूचा जन्म झाला तेव्हा जगाची स्थिती कशी होती?

रोमच्या दृष्टीने पाहिले तर उत्तम होती. दीर्घ यादवी युद्धांनंतर रोमन सम्राट औगुस्त कैसराची सत्ता स्थिरावली होती, आणि इ.स.पू. ९ मध्ये रोम शहरात शांतीच्या वेदीचे समर्पण झाले होते. त्याच सुमारास आशिया प्रांतातील प्रिएने या शहरात कोरलेल्या एका लेखात औगुस्ताला युद्धे संपवणारा तारणारा म्हटले असून, त्याचा जन्मदिवस हा जगासाठी शुभवर्तमानाचा, म्हणजे आनंदाच्या वार्तेचा, आरंभ असल्याचे जाहीर केले आहे. प्रांताचे नवे वर्षही त्याच्या जन्मदिवसापासून मोजायचे ठरले.

ही पार्श्वभूमी लक्षात घेऊन लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला, तर त्यातील धार जाणवते. अध्यायाच्या पहिल्याच वचनात औगुस्ताचे नाव येते, आणि त्यानंतर दहाच वचनांनी देवदूत मेंढपाळांना सांगतो की तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे. शुभवर्तमान, तारणारा, शांती हे कैसराच्या दरबारातले सगळे शब्द लूक उचलतो आणि गव्हाणीत निजवलेल्या एका बालकाच्या पदरी घालतो.

जिंकलेल्या प्रजेला ही शांती कशी दिसत होती, हे निराळे सांगायला नको. यहूदीयात रोमच्या आश्रयाने राज्य करणारा थोरला हेरोद हा भव्य इमारती बांधणारा म्हणून प्रसिद्ध होता आणि सत्तेविषयी इतका संशयी होता की त्याने आपली पत्नी मरियम्ने हिला आणि स्वतःच्या तीन मुलांना ठार करवले. कर, सैन्य आणि संशय यांच्या सावलीत जगणाऱ्या लोकांना तारणाऱ्याची वाट पाहण्यास कारणे पुष्कळ होती.

‘अंधकारात चालणारे लोक’ हे यशया संदेष्ट्याचे शब्द मुळात कोणाविषयी आहेत?

नाताळाच्या उपासनेत यशयाचा नववा अध्याय हमखास वाचला जातो, आणि त्यातील अंधार हा बहुतेक वेळा सर्वसाधारण आध्यात्मिक अंधार समजला जातो. यशयासमोरचा अंधार मात्र नकाशावर दाखवता येईल असा होता. इ.स.पू. आठव्या शतकात अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याने इस्राएलाच्या उत्तरेकडील प्रदेश जिंकला आणि तेथील लोकांना कैद करून नेले. जबुलून आणि नफताली या वंशांची ती भूमी, म्हणजेच गालीलचा परिसर. आक्रमण उत्तरेकडून येत असल्याने घाव प्रथम याच भूमीवर पडला. प्रकाश प्रथम तेथेच दिसेल, असे यशया सांगतो. त्याच अध्यायात चालून येणाऱ्या सैनिकांचे जोडे आणि रक्ताने माखलेली वस्त्रे अग्नीला भक्ष्य होतील असे वचन आहे, आणि त्यानंतर लगेच ‘आम्हांसाठी बाळ जन्मला आहे’ हे शब्द येतात. येशूने आपल्या कार्याचा आरंभ गालीलात केला तेव्हा मत्तयाने हेच वचन आठवून दिले.

ज्यू वाचक या वचनांचा अर्थ वेगळा लावतात. यशयाच्या काळातील राजघराण्यात जन्मलेल्या राजपुत्राशी, बहुधा हिज्कीयाशी, त्यांचा संबंध जोडला जातो. ख्रिस्ती वाचनाने हा ऐतिहासिक संदर्भ नाकारण्याचे कारण नाही. त्या वचनांची पूर्ती त्या राजापाशी थांबली नाही, असे ख्रिस्ती लोक मानतात.

देवाने सामर्थ्याने हस्तक्षेप करण्याऐवजी बालक होऊन का यावे?

सामर्थ्याने जग सुधारण्याचे प्रयत्न मनुष्याने पुष्कळ केले आहेत, आणि त्यांतून बहुधा एका जुलमाच्या जागी दुसरा जुलूम आला आहे. ख्रिस्ती विचारात मात्र याहून खोल कारण सांगितले जाते. जगाचा बिघाड केवळ व्यवस्थेचा नाही. तो मनुष्याच्या अंतःकरणापर्यंत गेलेला आहे, आणि बाहेरून दिलेल्या हुकमाने अंतःकरण बदलत नाही. चौथ्या शतकात आलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने अशी मांडणी केली की, मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडवलेला आहे आणि ते प्रतिरूप पापाने पुसट झाले आहे, म्हणून ज्याचे ते प्रतिरूप त्यानेच ते पुन्हा रेखण्यासाठी यावे लागले.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे स्वरूप धारण केले. दुःखी घरी सांत्वनाचे पत्र पाठवणे वेगळे आणि त्या घरी स्वतः जाऊन बसणे वेगळे; देहधारणाचा अर्थ या दुसऱ्या कृतीच्या जवळ जाणारा आहे. बालकाला भूक लागते, थंडी वाजते, त्याला उचलून घ्यावे लागते आणि त्याला मारूनही टाकता येते. देवाने हे सर्व पत्करले, असे ख्रिस्ती श्रद्धा सांगते, आणि अनेकांना ते आजही अशोभनीय वाटते.

येशूचे कुटुंब खरोखर गरीब होते का, की ही नंतरची भावुक कल्पना आहे?

गव्हाणीचा उल्लेख सर्वांना ठाऊक असतो, परंतु गव्हाणीवरून एवढेच कळते की त्या रात्री जागा नव्हती. गरिबीचा अधिक भरवशाचा पुरावा लूक दोन या अध्यायाच्या चोविसाव्या वचनात आहे, आणि तेथे वाचक सहसा थांबत नाहीत. मुलाच्या जन्मानंतर चाळीस दिवसांनी मातेने मंदिरात अर्पण आणावे असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. त्या नियमशास्त्रातील लेवीय या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायानुसार त्यासाठी एक वर्षाचे कोकरू आणि एक पारवा किंवा होला लागे. ज्या स्त्रीला कोकरू आणण्याची ऐपत नसेल तिने दोन होले किंवा पारव्याची दोन पिले आणावीत, अशी सवलत होती. मरीया आणि योसेफ यांनी हे दुसरे अर्पण केले. लूक त्यावर काही भाष्य करत नाही. तो फक्त पक्ष्यांची नोंद करतो, आणि नियम माहीत असलेल्या वाचकाला त्या घराची ऐपत कळते.

याच भेटीत वृद्ध शिमोन त्या बाळाला हातांत घेऊन देवाची स्तुती करतो, आणि लगेच मरीयेला सांगतो की तुझ्या स्वतःच्या जिवातून तलवार भोसकून जाईल. नाताळाच्या कथेतील आशीर्वादही असा आहे.

देवदूतांनी पृथ्वीवर शांती जाहीर केली. मग दोन हजार वर्षांनंतरही शांती का नाही?

नाताळाविषयीचा सर्वांत कठीण आणि सर्वांत रास्त प्रश्न हाच आहे. त्याचे उत्तर देताना घाई करू नये.

देवदूतांच्या स्तवनातील शांती प्रथमतः देव आणि मनुष्य यांच्यातील समेटाची आहे, असे उत्तर बहुतेक वेळा दिले जाते. ते खरे आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताच्या क्रूसावरील रक्ताने शांती केल्याचे सांगितले आहे. परंतु एवढ्यावर थांबून शांतीला केवळ मनातली वस्तू करून टाकले, तर यशयावर अन्याय होतो. तरवारी मोडून त्यांचे नांगराचे फाळ करतील, असे त्याने लिहिले तेव्हा त्याच्यासमोर खऱ्या तरवारी आणि खरी शेते होती.

ख्रिस्ती शिकवण असे सांगते की देवाचे राज्य ख्रिस्ताच्या येण्याने सुरू झाले आहे आणि ते अजून पूर्ण झालेले नाही. म्हणूनच नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ दोन आगमनांकडे पाहतो : बेथलेहेमात झालेल्या पहिल्या आगमनाकडे, आणि ख्रिस्त न्याय करण्यास व सर्व काही नवे करण्यास येईल त्या दुसऱ्या आगमनाकडे. बायबलचे शेवटचे पुस्तक असलेल्या प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात देव लोकांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसेल असे वचन आहे, आणि तेथील क्रियापदे भविष्यकाळाची आहेत. तोवर सारी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांनी कण्हत आहे, असे पौल रोमकरांस लिहितो.

डिसेंबर १९१४ मध्ये पश्चिम आघाडीवर अनेक ठिकाणी ब्रिटिश आणि जर्मन सैनिक नाताळानिमित्त खंदकांतून बाहेर आले, एकमेकांना भेटले आणि त्यांनी आपापले मृत पुरले. ही घटना नाताळाच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून सांगितली जाते, परंतु ते युद्ध नोव्हेंबर १९१८ पर्यंत चालले हे त्याच वेळी सांगितले पाहिजे, आणि दोन्ही बाजूंच्या सैन्यांत नाताळ पाळणारे लोक होते हेही. त्या दिवसाने युद्ध थांबवले नाही. समोरच्या खंदकातला माणूस शत्रू म्हणून जन्मलेला नाही, एवढे त्याने दाखवले.

आशा आणि आशावाद यांत फरक काय?

परिस्थितीची चिन्हे पाहून बांधलेला चांगला अंदाज म्हणजे आशावाद, आणि चिन्हे उलटली की तो संपतो. ख्रिस्ती आशा चिन्हांवर उभी नसते. देवाने एकदा दिलेला शब्द पाळला आहे आणि उरलेलाही तो पाळील, या विश्वासावर ती उभी असते. त्यामुळे परिस्थिती वाईट आहे असे स्पष्ट म्हणणे आशेच्या विरोधात जात नाही.

जर्मन पाद्री आणि ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक डीट्रिख बोनहोफर यांना एप्रिल १९४३ मध्ये अटक झाली, आणि त्या वर्षीचा नाताळ त्यांनी बर्लिनमधील टेगेल तुरुंगात काढला. १७ डिसेंबर रोजी आईवडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले आहे की माणसे जेथून तोंड फिरवतात तेथे देव जवळ येतो, आणि जागा नसल्यामुळे ख्रिस्त गोठ्यात जन्मला, हे कैद्याला इतरांपेक्षा अधिक चांगले समजते. हे सांत्वनासाठी लिहिलेले पत्र असल्याने त्यात काही धीराचा सूर असणारच. तरीही त्यात लवकर सुटका होईल अशा अंदाजावर काहीही रचलेले नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसनबुर्ग येथील छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले.

बेथलेहेमातील बालके मारली गेली, मग एकाच बालकाला वाचवणाऱ्या देवावर विश्वास कसा ठेवावा?

पहिल्या शतकातील इतिहासकार योसेफस याने या हत्याकांडाचा उल्लेख केलेला नाही, आणि त्यामुळे काही अभ्यासक त्याविषयी शंका घेतात. बेथलेहेम हे लहान गाव असल्याने आणि हेरोदाच्या नावावर याहून मोठ्या क्रौर्याच्या नोंदी असल्याने ही घटना नोंदीतून सुटली असावी, असे इतर अभ्यासक म्हणतात. येथे प्रश्न मत्तयाच्या कथेचा आहे, आणि त्या कथेत मुले मरतात.

मत्तय त्याचे समर्थन करत नाही. तो यिर्मया संदेष्ट्याच्या एकतिसाव्या अध्यायातील वचन पुढे ठेवतो : रामा येथे आक्रोश ऐकू येतो, इस्राएलाची आदिमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडत आहे आणि सांत्वन पावण्यास नकार देत आहे. त्या मातांना गप्प करणारा एकही शब्द मत्तयाने घातलेला नाही, आणि पवित्र शास्त्राने त्यांचा नकार तसाच जपून ठेवला आहे. ख्रिस्ती श्रद्धेला येथे एवढेच म्हणता येते की जे बालक मिसर देशात वाचले ते कायमचे वाचवण्यासाठी वाचले नव्हते. सुमारे तीस वर्षांनी तेही सत्तेच्याच हातून मारले गेले, आणि त्या वेळी त्याला वाचवायला कोणी देवदूत आला नाही. देवाने इतरांना दुःखात सोडून स्वतःला बाजूला ठेवले, हा आरोप त्यामुळे टिकत नाही. दुःख मुळात का आहे, या प्रश्नाचे उत्तर यातून मिळत नाही, आणि ते मिळाल्याचा आव आणू नये.

म्हणजे क्रूसाशिवाय नाताळाला अर्थ नाही का?

नाही. क्रूस आणि पुनरुत्थान वगळले तर गोठ्यातील कथा ही एक हृदयस्पर्शी कथा उरते. आरंभीच्या मंडळीने पुनरुत्थानाचा सण नाताळाच्या कितीतरी आधीपासून पाळला, हा क्रम बोलका आहे.

मग २५ डिसेंबर ही तारीख कोठून आली?

येशूच्या जन्माचा दिवस शुभवर्तमानांत दिलेला नाही. इ.स. ३५४ मध्ये रोम येथे तयार झालेल्या एका पंचांगसंग्रहात २५ डिसेंबरची नोंद मिळते. ती तारीख सूर्यदेवतेच्या रोमन सणावरून घेतली, की २५ मार्च ही गर्भधारणेची तारीख मानून नऊ महिने मोजून काढली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जुने ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या मंडळ्यांचा नाताळ सध्याच्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला येतो, आणि आर्मेनियन प्रेषितीय मंडळी ६ जानेवारीला जन्मोत्सव करते. हेरोदाचा मृत्यू सामान्यतः इ.स.पू. ४ मध्ये धरला जात असल्याने येशूचा जन्म त्यापूर्वीचा असला पाहिजे. यांपैकी कशानेही आशेच्या मुद्द्यात फरक पडत नाही.

या वर्षी घरात मृत्यू झाला असेल, तर नाताळ कसा पाळावा?

आनंदी दिसण्याची सक्ती स्वतःवर करू नये आणि इतरांनीही ती करू नये. उपासनेला जाऊन शेवटच्या बाकावर गप्प बसणे हेही नाताळ पाळणेच आहे. गीते गाता आली नाहीत तर शेजारचे गातील, मंडळी त्यासाठीच असते. काही मंडळ्यांत वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास, शोक करणाऱ्यांसाठी शांत उपासना ठेवली जाते, आणि ती प्रथा अधिक ठिकाणी सुरू व्हावी असे आम्हांला वाटते. शोक करणाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांनी ‘देवाची इच्छा’ हे शब्द टाळावेत.

आशा असेल तर मनुष्याने केवळ वाट पाहायची, की काही करायचेही?

मरीयेचे स्तोत्र वाचावे. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात ही तरुण स्त्री गाते की देवाने अधिपतींना राजासनांवरून ओढून काढले आहे, दीनांना उंच केले आहे, भुकेलेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केले आहे आणि धनवानांना रिकामे लावून दिले आहे. हे गीत ज्याने मनापासून म्हटले त्याला भुकेलेल्याच्या बाबतीत स्वस्थ बसता येत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्याशी स्वतःला इतका एकरूप मानतो की त्यांच्यासाठी केलेले ते माझ्यासाठी केले, असे तो म्हणतो. जो स्वतः लहानपणी परक्या देशात आश्रयाला होता, त्याच्या तोंडी ‘परका’ हा शब्द सहज आलेला नाही.

त्याच वेळी, जगाला तारण्याची जबाबदारी आपल्या खांद्यावर नाही, हेही नाताळ सांगतो. काम करणारे थकतात, निराश होतात आणि पुष्कळदा कडवट होतात. तारणारा दुसरा कोणी आहे हे ठाऊक असणाऱ्याला आपल्या वाट्याचे अपुरे काम करून रात्री झोपता येते.

ही आशा फक्त ख्रिस्ती लोकांसाठी आहे का?

देवदूताने मेंढपाळांना सांगितलेला आनंद सर्व लोकांसाठी असल्याचे लूकच लिहितो, आणि मत्तयाच्या कथेत बालकाचे दर्शन घ्यायला पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी, लोक परधर्मीय होते. देहधारणावर विश्वास न ठेवणारा मनुष्यही नाताळाच्या आनंदात सहभागी होऊ शकतो, आणि त्याला त्यासाठी कोणतीही अट घालू नये. परंतु त्याने ‘तुमची आशा कशावर उभी आहे’ असे विचारले, तर सौजन्यापोटी उत्तर गुळमुळीत करू नये.

नाताळापूर्वी पवित्र शास्त्रातील कोणते भाग वाचावेत?

यशयाचे सात, नऊ आणि अकरा हे अध्याय प्रथम वाचावेत, म्हणजे कोणत्या अंधारात कोणते वचन दिले गेले ते कळेल. त्यानंतर लूकचे पहिले दोन अध्याय सलग वाचावेत, मंदिरातील होल्यांच्या अर्पणापर्यंत आणि वृद्ध संदेष्ट्री हन्नेपर्यंत. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आगमनकाळातील एखाद्या संध्याकाळसाठी ठेवावा. मत्तयाचा दुसरा अध्याय वाचताना मागी लोक भेटी देऊन आपल्या देशास परत गेले तेथे, म्हणजे बाराव्या वचनापाशी, थांबण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. घरी वाचताना तरी तो तेविसाव्या वचनापर्यंत पूर्ण वाचावा, आणि घरात मोठी मुले असतील तर त्यांच्यासमोर वाचावा, कारण हेरोदाविषयी त्यांनी विचारलेले प्रश्न मोठ्यांच्या प्रश्नांपेक्षा सहसा अधिक सरळ असतात.